‘नाकारणे’ एकच, इंग्रजी शब्द चार: नेमका कोणता घ्यायचा?

प्रश्न विचारणारी मुलगी कळव्याला राहते आणि ऐरोलीत, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या ऑफिसात काम करते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मी एका मेलमध्ये “द पेशंट डिनाइड टु शेअर द इन्शुरन्स कार्ड” असं लिहिलं. टीम लीडने “डिनाइड” खोडून “रिफ्यूज्ड” केलं. पुढच्या मेलमध्ये मी आठवणीने “द क्लेम वॉज रिफ्यूज्ड” लिहिलं, तर त्याने “रिफ्यूज्ड” खोडून “डिनाइड” केलं. डिक्शनरीत दोन्हींचा अर्थ “नाकारणे”. अशा जोड्यांची यादी मिळेल का, म्हणजे एकदाची पाठ करून टाकते? आणि एकच शब्द सारखा वापरू नये असं शाळेत शिकवलं होतं, ते ऑफिसातही पाळायचं का?’

तुमच्या टीम लीडने दोन्ही वेळा बरोबर दुरुस्ती केली आहे. त्याने कारण सांगितलं नाही म्हणून ती मनमानी वाटते, इतकंच. मी ठाण्याच्या नौपाड्यात ऑफिसचं इंग्रजी शिकवते, कंपन्यांचे रिपोर्ट तपासून देते, आणि ‘अर्थ तर एकच आहे ना मॅडम?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. यादी मिळते. बाजारात आहेत, मोबाइलवर तर ढिगाने आहेत. पण पाठ करायला सांगणार नाही, कारण यादीत शब्दासमोर अर्थ असतो आणि तुमचा घोटाळा अर्थात नाहीच. तो आहे शब्दाच्या पुढेमागे काय येतं, यात.

हे मराठीत तुम्ही रोज करता. ‘कडक’ घ्या. चहा कडक, शिस्त कडक, ऊन कडक, थंडी कडक, इस्त्री कडक. पाऊस मात्र कडक नसतो, तो जोराचा किंवा मुसळधार असतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, कानावर पडत गेलं. आता इंग्रजीत जा. चहा ‘स्ट्राँग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, थंडी ‘बिटर’, इस्त्रीचा शर्ट ‘क्रिस्प’, आणि पाऊस ‘हेवी’. आपल्या एका शब्दाचे तिथे पाच झाले. त्या पाचांत अर्थाचा फरक शोधत बसलात तर डोकं उठेल. कोण कुणाबरोबर जातं एवढं बघितलंत तर काम होतं.

इंग्रजीतसुद्धा तुम्हाला हे थोडंफार येतंच. ठाण्यात कुणीही ‘हाउस लोन’ काढत नाही, ‘होम लोन’ काढतं. आणि राहतं ‘हाउसिंग सोसायटी’त, ‘होम सोसायटी’त नाही. दोन्हीकडे मराठीत ‘घर’च आहे. घोडबंदर रोडवरच्या बिल्डरच्या जाहिरातीत फ्लॅट ‘अफोर्डेबल’ असतो, ‘चीप’ कधीच नसतो, कारण ‘चीप’ म्हटलं की किमतीबरोबर वस्तूचा दर्जाही खाली येतो. तेव्हा कान आहे तुमच्याकडे. तो ऑफिसच्या शब्दांवर लावायचा आहे.

आता तुमचं ‘नाकारणे’. याला मी वेळ देणार आहे, कारण तुमच्या कामात हा शब्द दिवसभर येतो.

‘रिफ्यूज’ म्हणजे एखादी गोष्ट करायला किंवा द्यायला नकार देणं. त्याच्यापुढे ‘टु’ लावून क्रियापद येतं: ‘रिफ्यूज्ड टु शेअर’, ‘रिफ्यूज्ड टु साइन’, ‘रिफ्यूज्ड टु पे’. समोरच्याला करता येण्यासारखं होतं, त्याने केलं नाही. मदत, ऑफर, परवानगी यांनाही ‘रिफ्यूज’ चालतं.

‘डिनाय’ मुळात वेगळं आहे. ते ‘असं झालेलं नाही’, ‘हे खरं नाही’ असं सांगणं आहे. म्हणून त्याच्यापुढे ‘दॅट’ येतं, किंवा ‘-इंग’वालं रूप, किंवा आरोप: ‘ही डिनाइड दॅट ही साइन्ड द फॉर्म’, ‘ही डिनाइड सायनिंग द फॉर्म’. पुढे ‘टु’ लावून क्रियापद कधीच येत नाही. तुमचं पहिलं वाक्य इथे अडकलं. तुमच्याकडे येणाऱ्या मेडिकल रेकॉर्डमध्ये ‘पेशंट डिनाइज चेस्ट पेन’ अशी वाक्यं असतात. बरेच नवे लोक ती वाचून बिचकतात, पेशंट काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का, पेशंट म्हणाला नाही, एवढीच ती नोंद आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, ‘डिनाय’चा गाभा त्यात आहे.

‘डिनाय’चा दुसरा उपयोग म्हणजे एखाद्याला हवी असलेली किंवा हक्काची वाटणारी गोष्ट न मिळू देणं: ‘डिनाइड अ‍ॅक्सेस’, ‘डिनाइड कव्हरेज’. क्लेमला हाच लागतो. विमा कंपनीने क्लेम तपासला, पॉलिसीत बसत नाही असं ठरवलं आणि पैसे द्यायचे नाहीत असा निर्णय दिला, की क्लेम ‘डिनाइड’.

मग ‘रिजेक्ट’ काय? एरवीच्या इंग्रजीत ‘रिजेक्ट’ म्हणजे समोर आलेला प्रस्ताव, अर्ज, कल्पना किंवा माल पाहून बाजूला सारणं. पुढे नाम येतं, ‘टु’ नाही. पण तुमच्या क्षेत्रात ‘रिजेक्टेड’ आणि ‘डिनाइड’ यांच्यात पैशांचा फरक आहे. पेशंटचा आयडी चुकला, एखादा कोड अवैध निघाला, जन्मतारीख राहिली, की क्लेम तपासणीपर्यंत पोचतच नाही, दारातूनच परत येतो. तो ‘रिजेक्टेड’. चूक दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, बस. ‘डिनाइड’ क्लेम मात्र आत गेला, तपासला गेला, त्यावर निर्णय झाला. तिथे नाकारण्याचं कारण बघावं लागतं आणि बहुतेक वेळा अपील किंवा फेरविचाराची वाट धरावी लागते, तीही मुदतीत. तुम्ही डिनाइड क्लेमला मेलमध्ये ‘रिजेक्टेड’ लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, मग दुरुस्त करून पाठवा ना, आणि तेवढ्यात अपीलची मुदत सरकत राहील. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘क्लेम नाकारला’ म्हणून भागतं. इथे भागत नाही.

चौथा ‘डिक्लाइन’. यात नकार आहे, पण सभ्यपणे दिलेला: ‘डिक्लाइन्ड द इन्व्हिटेशन’, ‘डिक्लाइन्ड टु कॉमेंट’. दुकानात मशीनवर कार्ड चाललं नाही की तेही ‘डिक्लाइन’ होतं, बँक ‘रिफ्यूज’ म्हणत नाही. आपल्याकडच्या विमा कंपनीचं पत्र आलं तर त्यात ‘रिप्युडिएट’ दिसेल. भारतातल्या विमा व्यवहारात तो नेहमीचा शब्द आहे, पण अमेरिकेच्या मेलमध्ये तो घालू नका.

आता या चौघांकडे पुन्हा पाहा. फरक ओळखायला अर्थ फारसा कामी आला नाही. कामी आलं ते हे: पुढे ‘टु’ येतो का, ‘दॅट’ येतो का, नाम आलं तर ते कशाचं आहे, आणि या धंद्यात त्या शब्दाला काही ठरावीक अर्थ चिकटलाय का. हे प्रश्न घेऊन कुठल्याही जोडीकडे गेलात तरी बहुतेक गाठी सुटतात.

‘से’ आणि ‘टेल’ बघा. आपण ‘त्याने सांगितलं की’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘ही टोल्ड दॅट’ लिहितो. ‘टेल’ला लगेच माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी दॅट’. ‘से’ला माणूस थेट लागत नाही: ‘ही सेड दॅट’. ‘एक्स्प्लेन’ही ‘से’च्याच बाजूचा, त्यामुळे ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्स्प्लेन मी’ होत नाही, ‘एक्स्प्लेन इट टु मी’ होतं. ‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’ तसेच. आपल्याला स्वतःला आठवलं की ‘रिमेंबर’, दुसऱ्याने आठवण करून दिली की ‘रिमाइंड’. ‘उद्या मला आठवण कर’ याचं ‘रिमेंबर मी टुमॉरो’ केलंत तर वाचणाऱ्याला तुम्ही कायमचा निरोप घेताय असं वाटेल.

‘रॉब’ आणि ‘स्टील’मध्ये मी आमच्या पोलिसांच्या मराठीची मदत घेते, ती फार नेमकी आहे. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत खिशातून मोबाइल गेला तर लोक इंग्रजीत ‘माय मोबाइल वॉज रॉब्ड’ लिहितात. ‘स्टील’ वस्तूला लागतं: मोबाइल ‘स्टोलन’. ‘रॉब’ माणसाला किंवा जागेला लागतं: माणूस ‘रॉब्ड’, बँक ‘रॉब्ड’. शिवाय ‘रॉबरी’त धाक किंवा मारहाण असते. लोहमार्ग पोलिसांकडे गेलात तर तिथेही चोरी वेगळी आणि जबरी चोरी वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३ मध्ये आहे, हातातून हिसकावून नेणं ३०४ मध्ये, जबरी चोरी म्हणजे ‘रॉबरी’ ३०९ मध्ये आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेला दरोडा ३१० मध्ये. चार वेगळे गुन्हे, चार वेगळे शब्द. इन्शुरन्सच्या फॉर्मवर मोबाइलच्या बाबतीत ‘थेफ्ट’ लिहायचं की ‘रॉबरी’, याचं उत्तर एफआयआरच्या कलमातच मिळतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एका शब्दाबद्दल मी सांगितल्याशिवाय राहणार नाही: ‘डाउट’. मराठीत ‘शंका’ दोन कामं करते. वर्गात ‘सर, एक शंका आहे’ म्हणजे साधा प्रश्न, आणि ‘मला त्याची शंका येते’ म्हणजे संशय. भारतातल्या इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ हे पहिल्या अर्थाने सर्रास चालतं आणि आपल्या आपल्यात त्यात काही गैर नाही. पण अमेरिकेतल्या क्लायंटला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर रिपोर्ट’ लिहिलंत, तर त्याला ‘तुमच्या रिपोर्टवर माझा विश्वास नाही’ असं ऐकू येतं. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा.

याहून मोठा धोका पुढे आहे. ‘बिल दोनदा भरलं गेलंय असा मला संशय आहे’ हे तुम्ही ‘आय डाउट दॅट द बिल वॉज पेड ट्वाइस’ असं लिहिलंत, तर अर्थ बरोबर उलटा होतो: बिल दोनदा भरलं गेलं असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला हवा होता ‘सस्पेक्ट’. ‘डाउट’ म्हणजे पुढची गोष्ट खरी नसावी असं वाटणं, ‘सस्पेक्ट’ म्हणजे ती खरी असावी असं वाटणं. या जोडीत निष्काळजीपणा झाला तर तुमचं म्हणणं उलटं करून पुढे पाठवलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं.

काही शब्दांना आणखी एक गोष्ट असते. अर्थ बरोबर, पुढचं व्याकरण बरोबर, तरी कानाला खटकतं. ‘कॉज’ हे उदाहरण मी नेहमी घेते. मराठीत ‘-मुळे’ चांगल्यालाही लागतं आणि वाइटालाही: तुमच्यामुळे यश मिळालं, पावसामुळे लोकल रखडल्या. म्हणून ‘युवर सपोर्ट कॉज्ड अवर सक्सेस’ असं वाक्य तयार होतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील आणि बोली इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरून शब्द प्रत्यक्ष कसे वापरले जातात ते तपासलं. त्या साठ्यावर आधारलेला कोश १९८७ मध्ये निघाला. अशा साठ्यांतून दिसलं की ‘कॉज’च्या पुढे बहुतांशी वाईटच गोष्टी येतात: डॅमेज, डिले, पेन, कन्सर्न, ट्रबल. वाण नाही पण गुण लागला, तसं त्या शब्दाचं झालंय. आपल्या ‘ओढवणे’चंही तेच आहे. संकट ओढवतं, आजारपण ओढवतं. यश कधी ओढवत नाही. म्हणून चांगल्या गोष्टीला ‘लेड टु’ वापरा, किंवा सरळ ‘हेल्प्ड अस सक्सीड’ म्हणा. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये लिहून ठेवलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. तेव्हा संगणकाचा हा साठा नव्हता, पण म्हणणं तंतोतंत खरं ठरलं.

जड शब्दांबद्दलही सांगते, कारण ऑफिसात जड शब्द लिहिला की काम गंभीर दिसतं असा समज पक्का बसलाय. इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द आहेत याला इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबाराची नि कोर्टाची भाषा फ्रेंच राहिली. त्यावर चर्च आणि विद्वानांची लॅटिन आली. म्हणून ‘आस्क’ घरचा, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून. तिन्हींत विचारणंच आहे, पण ‘इंटरॉगेट’ पोलीस करतात. मराठीत असेच थर आहेत. सिडकोच्या जाहिरातीत ‘गृहनिर्माण योजना’ असते, सोडतीत नाव निघालं की आपण ‘घर लागलं’ म्हणतो. पेपरात ‘दुःखद निधन’ छापतात, महापालिका देते तो ‘मृत्यूचा दाखला’. निधनाचा दाखला मागितलात तर खिडकीवरचा माणूस एकदा वर बघेल. इंग्रजी मेलमध्येही ‘कमेन्स’, ‘युटिलाइझ’, ‘इंटिमेट’ यांच्याऐवजी ‘स्टार्ट’, ‘यूज’, ‘टेल’ किंवा ‘इन्फॉर्म’ लिहा. उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ म्हणा. ‘रिव्हर्ट’ आपल्याकडे चालतो, पण परदेशी वाचकाला तो ‘पूर्वीच्या स्थितीला परत जाणे’ असा वाटतो.

आता शोधायचं कसं. वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-सात दाबून समानार्थी शब्दांची यादी काढायची आणि त्यातला त्यातल्या त्यात भारदस्त शब्द उचलायचा, ही सवय मोडा. समानार्थी कोश ज्याला शब्द आधीच माहीत आहेत, फक्त ऐन वेळी आठवत नाहीत, त्याच्यासाठी आहे. पीटर मार्क रोजे नावाच्या डॉक्टरने १८५२ मध्ये आपला कोश काढला तो कल्पनांच्या गटांनुसार, आणि त्यात शब्दांच्या व्याख्या नव्हत्याच. तुम्हाला हवी आहे शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी: ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज किंवा लाँगमन, तिन्ही नेटवर फुकट आहेत. या प्रकारच्या कोशांचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना घातला. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, आणि त्यात प्रत्येक क्रियापदापुढे वाक्याची कोणती घडण येते ते मुद्दाम दिलं होतं, कारण परक्या विद्यार्थ्याची गाडी नेमकी तिथेच अडते हे त्यांनी वर्गात पाहिलं होतं. तेव्हा अर्थ वाचून पान मिटू नका. खालची उदाहरणाची वाक्यं वाचा, ‘रिफ्यूज टु डू समथिंग’ अशी ठळक घडण बघा, ‘फॉर्मल’ अशी खूण आहे का ते बघा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये होतं.

एआयला मेल देऊन ‘सुधारून दे’ म्हणणारे आता पुष्कळ आहेत. त्याने मेल सुधारतो, तुम्ही तिथेच राहता. त्याऐवजी दोन शब्द द्या आणि प्रत्येकाची पाच-सहा वाक्यं मागा, दुसरं काही नको. वाक्यं समोर आली की फरक तुमचा तुम्हाला दिसायला लागतो, आणि जो स्वतः पाहिला तो विसरत नाही. मग डिक्शनरीत एकदा पडताळून घ्या.

आणि प्रत्येक जोडीत फरक असतोच असं मानून हैराण होऊ नका. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ बहुतेक ठिकाणी अदलाबदल होतात. गाडीला आणि मशीनला तेवढं ‘स्टार्ट’च लागतं. ‘बिग हाउस’ आणि ‘लार्ज हाउस’ दोन्ही चालतात, पण चूक ‘बिग’ असते, ‘लार्ज’ नाही, आणि ‘नंबर’च्या आधी ‘लार्ज’ जास्त शोभतो. जिथे फरक नाही तिथे सोपा घ्या आणि पुढे चला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एकच शब्द सारखा वापरायचा का. निबंधात ‘सुंदर’ पाचदा आला तर बाई लाल शाईने गोल करायच्या, ते निबंधापुरतं ठीक होतं. क्लेमच्या मेलमध्ये नेमकं उलट करायचं. पहिल्या ओळीत ‘द क्लेम वॉज डिनाइड’ लिहून चौथ्या ओळीत निव्वळ बदल म्हणून ‘आफ्टर द रिजेक्शन’ लिहिलंत, तर वाचणारा दोन वेगळ्या घटना समजेल आणि तुम्हाला विचारेल, आधी रिजेक्ट झाला होता की डिनाय? पेशंटला एकदा ‘पेशंट’ म्हटलंत तर पुढे ‘कस्टमर’ करू नका, ‘बिल’चं मध्येच ‘इन्व्हॉइस’ करू नका. वर्णनाचे शब्द हवे तर बदला. ज्या शब्दावर पैसे, मुदत किंवा जबाबदारी ठरते तो पहिल्या ओळीत जो आला तोच शेवटच्या ओळीपर्यंत राहू द्या, दहा वेळा आला तरी. टीम लीडने हटकलं तर त्याला हेच कारण सांगा. ज्याने ‘रिफ्यूज्ड’चं ‘डिनाइड’ केलं, त्याला ते पटायला वेळ लागणार नाही.